देवाचे आभार रोज कसे मानायचे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

देवासमोर आपण बहुतेक वेळा मागायलाच उभे राहतो. परीक्षा, नोकरी, पोरीचं लग्न, कोर्टाची तारीख, कुणाचं तरी दुखणं. मिळालं की नारळ फोडतो, नवस फेडतो आणि पुढचं मागणं घेऊन पुन्हा रांगेत लागतो. यात वाईट काही नाही. मागायचं तर त्याच्याकडेच मागावं. पण नवस न बोलता जे मिळालं, म्हणजे सकाळी डोळे उघडले, नळाला पाणी आलं, गुडघे दुखत का होईना पण जिना चढले, त्याबद्दल आपण त्याला कधी काही बोलतो का? ज्यांना हे बोलायचं आहे पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं सोलापूरची आहेत, कारण मी इथला आहे आणि मला देवाची देणगी इथल्याच पाण्यात आणि भाकरीत दिसते.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. "देवा, सगळ्यासाठी तुझे आभार" असं एका वाक्यात उरकायचं नाही. हे वाक्य खोटं नाही, पण त्यात काहीच दिसत नाही आणि चार दिवसांत ते तोंडपाठ होऊन जातं. एका वेळी एकच गोष्ट घ्यायची, तिचं नाव घ्यायचं आणि तिच्याबद्दल बोलायचं.

हे आपल्या गावाला नवीन नाही. गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे पूजेच्या उंच काठ्या निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी (त्यांनाच आपण सिद्धेश्वर म्हणतो) स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. मोठ्या देवळात एकदाच तेल वाहून सगळ्या लिंगांना पोचलं असं कुणी म्हणत नाही. मानकरी आणि भक्त ते जड नंदीध्वज घेऊन शहरभर फिरतात, प्रत्येक लिंगापाशी जातात. कुठलं लिंग रस्त्याकडेला आहे, कुठलं दाट वस्तीत. वर्षभर आपण त्यांच्या शेजारून गाडी काढतो आणि आपलं लक्षही जात नाही. त्या दिवशी मात्र एकही सुटत नाही. आभाराचं कामही असंच करायचं, एकेका ठिकाणी थांबत.

काय लागतं?

काही नाही. वही लागत नाही, आसन लागत नाही, पहाटे चारला उठावं लागत नाही. तुमचा देव तुम्हाला माहीत आहे. कुणाचा सिद्धेश्वर, कुणाची रूपाभवानी, कुणाचा विठोबा, कुणाचे स्वामी. पूर्व भागातल्या घरात मार्कंडेय असेल. शेजारचे चाचा जेवण झालं की "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतात, तेही हेच आहे. ज्याला तुम्ही लहानपणापासून हाक मारत आलात त्यालाच मारा, आणि रोज ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोला. घरात कन्नड बोलत असाल तर कन्नडमध्ये, तेलुगू असेल तर तेलुगूमध्ये. देवाशी बोलताना पुस्तकी भाषा आली की मन मागे राहतं.

पायरी पहिली : रोजचं एक काम निवडा

नवीन वेळ काढायला जाऊ नका. वेळ काढलेल्या गोष्टी पाहुणे आले, ताप आला, परीक्षा आली की पहिल्यांदा सुटतात. तुम्ही रोज न चुकता जे काम करताच, त्यालाच आभार बांधा. पाणी भरणं, चहा टाकणं, गाडीला किक मारणं, दुकानाचं शटर वर करणं, मुलीची वेणी घालणं. यातलं एकच निवडा आणि निदान आठवडाभर बदलू नका.

घरातल्या बायका म्हणतात, "आम्हाला देवापुढं बसायला कुठं वेळ आहे?" त्यांना मी मनापासून सांगतो, बसूच नका. ज्या गोष्टींकडे आपलं दुर्लक्ष होतं त्या सगळ्या कामातच पडलेल्या असतात. परातीत पीठ आहे, हंड्यात पाणी आहे, चुलीला गॅस आहे. काम सोडून आभार मानायला गेलात तर नेमक्या त्याच गोष्टी मागे राहतील.

सोलापुरात राहत असाल तर पहिलं काम मी सुचवतो.

पायरी दुसरी : पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. दोन-चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येतं. म्हणून गल्लीत कुणी भेटलं की "उद्या पाणी हाय का?" हा प्रश्न ठरलेला. पाण्याचा दिवस आला की घर जागं होतं, पिंपं, घागरी, बादल्या, वरची टाकी सगळं भरून घेतात. त्या दिवशी पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच पिंपातून तांब्या बुडवताना आपण फोनकडे बघत असतो.

म्हणून नियम असा ठेवा : पाण्याच्या दिवशी भरताना नको, मधल्या दिवसांत वापरताना आभार माना. पहिला तांब्या बुडवाल तेव्हा.

आता काय बोलायचं? हीच खरी शिकण्याची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तांब्यातल्या पाण्याच्या मागे मागे जायचं. हे पाणी टाकीत आलं नळातून. नळात आलं ते सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. उजनीत ते साठलं भीमेचं. भीमा निघते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर, ज्योतिर्लिंगाच्या पायथ्याशी. वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांचं पाणी घेत ती उजनीपर्यंत येते. आणि तिकडे घाटावर पाऊस पडला म्हणून हे सगळं झालं. आपल्याकडे आभाळ कोरडं असताना दूर मावळात ढग फुटतात आणि ते पाणी आपल्या पिंपात येऊन पडतं. सोलापूरच्या पावसावर आपण जगत असतो तर काय झालं असतं, याचा विचार एकदा शांतपणे करून पाहा. पाऊस तिकडे पडला आणि तहान इकडची भागली, ही सोय आपण केलेली नाही.

वाटेत माणसंही येतात. धरण बांधताना ज्यांची गावं पाण्याखाली गेली, ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक. पंपावर रात्रपाळी करणारा. आपल्या भागाचा व्हॉल्व्ह फिरवणारा, ज्याला आपण "चावीवाला" म्हणतो आणि ज्याच्याशी फक्त भांडायला बोलतो. त्यांच्याही नावाने दोन शब्द जाऊ द्यात.

रोज एवढं सगळं म्हणायचं नाही. एक दिवस भीमाशंकरचा पाऊस घ्या, दुसऱ्या दिवशी चावीवाला. शब्द असे साधे असू शकतात :

"सिद्धेश्वरा, हे पाणी तू डोंगरावरनं इथवर आणलंस. आज माझ्या घरात कुणी तहानलेलं नाही. तुझे उपकार."

एवढंच. दहा सेकंदही लागत नाहीत.

एक शंका हमखास येते : देवाचे आभार मानायचे म्हणजे पाण्याबद्दल तक्रार करायची नाही का? जरूर करायची. पाणी वेळेवर मिळावं म्हणून अर्ज द्या, चार जण मिळून विचारा. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात नुसती प्रार्थना केली नाही, लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. आज देवळाभोवती आपण जो तलाव बघतो तो त्या श्रमाचा. पाण्याला देवाची देणगी मानणाऱ्याने पाण्यासाठी कुदळ हातात घेतली, हे आपल्या गावाच्या मुळातच आहे.

पायरी तिसरी : भाकरी

आठवडाभरात पाण्याची सवय लागली की ताटाकडे या. दोन्ही एकदम सुरू करू नका.

जेवणाआधी देवाला आठवायची रीत आपल्या बहुतेक घरांत होती. कुणी "वदनी कवळ" म्हणायचं, कुणी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचं, लिंगायत घरांत इष्टलिंगाला दाखवल्याशिवाय घास उचलत नसत. तुमच्या घरात यातलं काही चालू असेल तर ते सोडू नका, त्यातच हे भरा. काही चालू नसेल तर पहिला घास मोडल्यावर तो तोंडात घालण्याआधी एक श्वास थांबा. बाकी काही करू नका, फक्त थांबा. भूक लागलेली असताना एक श्वास थांबणं हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, आणि त्या एका श्वासात समोरचं ताट पहिल्यांदा नीट दिसतं.

मग पुन्हा मागे मागे जा. भाकरी कशाची? ज्वारीची, आणि आपल्याकडे ती बहुतेक रब्बीची, ज्याला शाळू म्हणतात. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ही ज्वारी मोठ्या पावसाच्या जोरावर वाढत नाही. पाऊस निघून गेलेला असतो. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती उभी राहते. पाटाचं पाणी कित्येक शेतांना मिळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती याच कोरडवाहू काळ्या रानातली. मला तर या पिकाइतकी देवाची खूण दुसऱ्या कशात दिसत नाही. वरून पाऊस थांबला तरी खाली ओल शिल्लक ठेवलेली असते, आणि जिथे गव्हा-भातासारखं पाणी देता येत नाही तिथेही माणसाच्या तोंडात घास पडतो. धान्य माणसाला, कडबा जनावराला. पाखरांनी खाल्लं ते वेगळंच.

आणि ती आयती येत नाही. पेरणी, राखण, काढणी, खळं, मळणी, मग बाजार, मग गिरणी. पीठ घरी आल्यावरही गव्हाच्या कणकेसारखं ते लाटलं जात नाही. गरम पाण्यात मळून, हाताने थापून, तव्यावर पाणी फिरवून मग विस्तवावर फुगवावी लागते. पापुद्रा सुटलेली भाकरी ताटात येते तेव्हा कुणाच्या तरी बोटांना चटका बसलेला असतो.

यावरून एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. देवाचे आभार मानताना भाकरी करणारीला ओलांडून जाऊ नका. पुष्कळ घरांत पुरुषमंडळी डोळे मिटून अन्नदात्याला नमस्कार करतात आणि डोळे उघडल्यावर "मीठ कमी पडलंय" एवढंच बोलतात. अशी प्रार्थना अर्धीच राहते. देवाने घास ज्या हातांनी पाठवला त्या हातांना तो पोचल्याची पावती द्यायलाच हवी. "भाकरी छान झाली होती गं आई," "वहिनी, आज आमटी झकास," एवढं म्हणायला कुणाचा मान कमी होत नाही. घरात हे म्हणायची सवय नसेल तर पहिले दोन दिवस समोरचा माणूस संशयाने बघेल. बघू द्या.

ताटात टाकू नका, हे वेगळं सांगायला नको. उरलेली भाकरी वाळवून कडक करून ठेवायची आपल्याकडची पद्धत जगात भारी आहे. शेंगाची चटणी आणि दही असलं की तिच्यापुढे पक्वान्न फिकं.

पायरी चौथी : शरीर

हे सगळ्यात जवळ असतं आणि सगळ्यात कमी दिसतं. दाढ दुखेपर्यंत दाढ आहे हे कुणाच्या ध्यानात असतं?

इथे पद्धत थोडी वेगळी ठेवा. अंघोळ करताना रोज एकच अवयव घ्या. आज डोळे, उद्या हात, परवा गुडघे. त्या अवयवाने कालच्या दिवसात नेमकं काय केलं ते आठवा. डोळ्यांनी बसची पाटी वाचली, नातवाचा चेहरा बघितला, सुईत दोरा ओवला. हातांनी विडी वळली, मशीन चालवली, कुणाच्या पाठीवरून फिरले. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा ठोके देतं, आपण झोपलेलो असतानाही. त्यातला एकही ठोका आपण सांगून पडत नाही.

उन्हाळ्यात घामाचे आभार माना. ऐकायला विचित्र वाटेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि सगळे घामाला शिव्या देतात. पण घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून तर त्या उन्हात माणूस तगतो. घाम येणं थांबलं की उष्माघाताची भीती. म्हणजे शर्ट भिजवणारी ही गोष्ट खरं तर देवाने अंगातच बसवलेली राखण आहे. घाम पुसताना हे एकदा आठवलं की चिडचिड निम्म्यावर येते.

श्वासाबद्दल आपल्या गावात एक कथा घरोघर माहीत आहे. मार्कंडेयाला सोळा वर्षांचंच आयुष्य होतं. यम फास टाकायला आला तेव्हा त्या पोराने शिवलिंगाला मिठी मारली, महादेव प्रकट झाले आणि यमाला मागे फिरावं लागलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पद्मशाली समाज त्याच मिळालेल्या आयुष्याचा उत्सव करतो. पूर्वज तेलंगणातून आले, इथे माग लावले आणि सोबत हा देवही आणला. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पहिला श्वास सावकाश घ्या आणि म्हणा, "आजचा दिवस वाढवून दिलास." आजारातून उठलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांनी आजारी पडायची वाट बघू नये.

जे अवयव नीट चालत नाहीत त्यांचं काय? ज्याची नजर गेली आहे त्याला डोळ्यांचे आभार मानायला लावणं क्रूरपणा आहे. त्याने कान घ्यावेत, हात घ्यावेत. आणि दुखऱ्या भागाबद्दल देवाकडे सरळ मागावं. मागणं आणि मानणं एकाच तोंडाने करता येतं.

पायरी पाचवी : कामाची जागा

खंडेनवमीला आपण हत्यारं, यंत्रं, वाहनं पुसून त्यांना हळद-कुंकू लावतो, फूल वाहतो. मागवाला मागाची पूजा करतो, ड्रायव्हर गाडीची, विद्यार्थी वहीची. वर्षातून एकदा जे करतो ते काम सुरू करण्यापूर्वी रोज हात लावून करा, हळद-कुंकवाशिवाय. मशीनला, तराजूला, लॅपटॉपला एक स्पर्श, आणि मनात, "आजही काम आहे, ही तुझी कृपा."

शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, कामालाच पूजा मानलं आणि त्याला कायक म्हटलं. सिद्धरामेश्वर त्यांच्यातलेच. त्यामुळे सोलापूरच्या माणसाला दुकान आणि देऊळ यांच्यामध्ये भिंत घालायची गरज नाही. काम आवडत नसेल तर? तर त्या कामामुळे घरात काय आलं त्याचे आभार माना. मुलाची फी भरली गेली, आईची गोळी आली. खोटं बोलू नका, देवाला पगाराचा आकडा माहीत आहे.

पायरी सहावी : झोपण्यापूर्वी पाच बोटं

दिवसभराचं एक-एक काम साधलं की रात्रीची उजळणी सुरू करा. अंगावर चादर ओढली की डाव्या हाताच्या पाच बोटांवर आज मिळालेल्या पाच गोष्टी मोजा. अट एकच : काल मोजलेली गोष्ट आज चालणार नाही, आणि गोष्ट नेमकी हवी. "घरचे लोक" असं नाही. "दुपारी भावाने फोन करून आईच्या औषधाची आठवण केली" असं हवं. "चांगलं हवामान" नको, "संध्याकाळी कंबर तलावाकडून गार वारा आला" हवं.

पहिले काही दिवस पाच बोटं भरताना सोपं जातं. मग एकदम अडतं, तिसऱ्या बोटावर गाडी थांबते. तिथे कंटाळून सोडू नका, कारण खरं काम तिथेच सुरू होतं. ठळक गोष्टी संपलेल्या असतात आणि आता मन कोपऱ्यात बघायला लागतं. विजेचा दिवा लागला. रस्त्यात पडलेला दगड कुणीतरी बाजूला केला होता. लिंबाच्या सावलीत गाडी लावायला जागा मिळाली. डास कमी होते. अंगावरची ही चादर कुणीतरी मागावर विणली, तिची नक्षी दोन्ही बाजूंनी उठली आहे. कितीतरी वर्षं ती अंगावर घेतली आणि आज पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, असं होतं. या पायरीवर अनेकांचे डोळे भरून येतात. येऊ द्यावेत.

झोप लागली आणि पाच पुरी झाली नाहीत तर झोपेचेच आभार सकाळी मानून टाका.

मुलांना हे फार लवकर जमतं. त्यांच्याकडून पाच बोटं भरून घ्यायची असतील तर आधी तुम्ही तुमची मोठ्याने मोजा. मुलाने "आज शाळेत सर आले नाहीत" हे आभारात धरलं तर रागावू नका, ते त्याच्या दृष्टीने मोठं दान आहे.

वाईट दिवसात काय करायचं

घरात मयत झाली, पीक गेलं, नोकरी सुटली, रिपोर्टमध्ये नको ते आलं. अशा वेळी आभाराची सक्ती स्वतःवर करू नका, आणि दुसऱ्यावर तर अजिबात करू नका. दुःखात असलेल्या माणसाला "देवाचे आभार मान, याहून वाईट होऊ शकलं असतं" असं सांगायला जाणं हे मी पाप समजतो. त्याच्या शेजारी बसा, त्याच्यासाठी डबा न्या, दवाखान्यात रात्री थांबा. पुढे कधीतरी तो स्वतःच म्हणेल की त्या दिवसांत कुणीतरी डबा आणला होता.

आपल्या संतांनी विठोबाशी भांडण केलं, त्याच्यावर रुसले, त्याला चार शब्द सुनावले. त्यांच्या भक्तीत याने कमीपणा आला नाही. तेव्हा ज्या दिवशी आभार निघत नाहीत त्या दिवशी देवाला तेच सांगा, "आज जमत नाही, आज मी चिडलोय तुझ्यावर." बोलणं बंद करू नका एवढंच. आणि जमलं तर फक्त पाण्याचा तांब्या तेवढा चालू ठेवा. दुःखातही तहान लागते, आणि तेव्हा हातात आलेलं पाणी त्याच्याकडूनच आलेलं असतं.

पायरी सातवी : आभार हातातून जाऊ द्या

इथपर्यंत आलात की मनात आपोआप एक अस्वस्थता सुरू होते. एवढं मिळतंय, मग माझ्याकडून काय जातंय? ही अस्वस्थता चांगली आहे, तिला वाट द्या.

शरणांच्या शिकवणीत कायकाच्या जोडीला दासोह आहे. कष्टाने मिळवायचं आणि देवाचं समजून वाटायचं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर आपल्या जिल्ह्यात कुणालाही विचारा. दुष्काळात माणसं मरताना बघून त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि त्याची भरपाई विठोबाने स्वतः रूप घेऊन बिदरला जाऊन केली अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे कोठार नाही, पण पिठाचा डबा आहे.

ज्या गोष्टीचे आभार मानता तीच गोष्ट द्या, हा माझा सल्ला. पाण्याचे मानत असाल तर मार्चपासून गच्चीवर पाखरांसाठी मातीचं भांडं ठेवा आणि दुपारी दारात आलेल्या कुरिअरच्या पोराला न विचारता पाणी पुढे करा. भाकरीचे मानत असाल तर महिन्याचं धान्य भरताना एक किलो जास्त घ्या आणि ज्याला गरज आहे त्याच्या घरी गाजावाजा न करता पोचवा. अक्कलकोटला जाणं झालं तर अन्नछत्रात जेवून आल्यावर तिथे वाढायलाही एकदा उभे राहून बघा. शरीराचे मानत असाल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर रक्तदान करा. फोटो काढू नका. देवाला पाठवलेली वस्तू देवाला पोचते.

वर्षाचे सण

रोजचं सुरू झालं की सण वेगळे दिसायला लागतात. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या घ्या. येळवस म्हणून शहरातली माणसं गाड्या भरभरून रानात जातात, कडब्याची खोप करतात, दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, शेतात आंबील शिंपडतात आणि मग भज्जी, उंडे आणि आंबिलीवर ताव मारतात. पीक अजून उभं असतं, हाती काहीच आलेलं नसतं. तरी आपले लोक जमिनीला आधी जेवू घालतात. तुम्हाला शेत नसेल तर कुणाच्या तरी शेतात आमंत्रण मागून जा, सोलापुरात कुणी नाही म्हणत नाही. जाताना पोरांना न्या आणि जेवणाआधी त्यांना रानातल्या ज्वारीच्या धाटाला हात लावून बघायला सांगा.

भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खाताना, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता टाकताना, पोळ्याला किंवा बेंदराला बैल धुताना, प्रत्येक वेळी एकच विचारा : हा सण कशाबद्दल आभार मानतोय? उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांना माहीत असतं आणि त्यांना हल्ली कुणी विचारत नाही.

सुरुवातीची आखणी

पहिल्या आठवड्यात फक्त पाणी. दुसऱ्या आठवड्यात पाण्यासोबत भाकरी, आणि भाकरी करणाऱ्या माणसाला एक शब्द. तिसऱ्यापासून अंघोळीच्या वेळी एक अवयव. कामाच्या जागेचा स्पर्श कधीही जोडा, त्याला वेळ लागत नाही. पाच बोटं महिनाभराने. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, जिथून सुटलं तिथून पुढे चला. घरात कुणाचा देवावर विश्वास नसेल तर त्याला यात ओढू नका, त्याचं नाव मात्र तुमच्या बोटांवर असू द्या.

आज पाण्याचा दिवस असेल तर भरून घ्या. आभार उद्यापासून, पहिल्या तांब्याला.